११ वर्षांचं चक्र फक्त सूर्यालाच नाही
सूर्यावरचे काळे डाग साधारण ११ वर्षांच्या चक्रात वाढतात आणि कमी होतात. असं चक्र फक्त आपल्या सूर्याचंच का, असं कुणीतरी विचारलंय, तर अजिबात नाही. इतर ताऱ्यांवरचे डाग सहसा थेट दिसत नाहीत, पण डाग पाडणारी चुंबकीय हालचाल वाढली की ताऱ्याच्या वर्णपटातल्या कॅल्शियमच्या दोन ठरावीक रेषांमधला (एच आणि के) प्रकाश वाढतो, तेवढा मोजला की झालं. खगोलशास्त्रज्ञ ऑलिन विल्सन यांनी १९६६ पासून कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सन वेधशाळेत हेच मोजायला घेतलं, महिन्यामागून महिने तेच तारे. आज टेलिस्कोपवर एकेक रात्र मिळवायला मारामारी असते, त्यामुळे मला तर या चिकाटीचं जाम कौतुक वाटतं. हंस तारकासमूहातल्या ६१ सिग्नी ए या ताऱ्याचं चक्र साधारण ७ वर्षांचं निघालं आणि ते एक्स-रेमध्येही दिसतं.

पण खरी मजा एचडी १६६६२० या ताऱ्यात आहे, याचं १७ वर्षांच्या आसपासचं चक्र छान चालू होतं आणि मग हवाईतल्या केक (Keck) दुर्बिणीच्या मोजमापांत आलेख एकदम सपाट!! आपल्या सूर्याचे डाग १६४५ ते १७१५ जवळपास गायब होते, तसंच काहीतरी तिथे आत्ता चालू असावं असं संशोधकांना वाटतंय. म्हणून म्हणतो, या ताऱ्यावर अजून काही दशकं नजर ठेवायलाच हवी.