वॉवमधले लढाईचे अ‍ॅडऑन अडवले, हे योग्यच झालं

ढालकरी (धागा सुरू करताना)

मी 2009 पासून 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' (वॉव) हा ऑनलाइन गेम खेळतोय, बहुतेक वेळ टँक म्हणून, म्हणजे बॉसचा मार अंगावर घेणारा. मागच्या वर्षी गिल्डमध्ये (आमच्या खेळाडूंच्या गटात) आलेल्या एका नव्या मुलीला रेडसाठी, म्हणजे सगळ्यांनी मिळून बॉसशी, त्या मोठ्या शत्रूशी, लढायला तयार करत होतो. गेम उतरवून झाल्यावर दोन तास आम्ही नुसते अ‍ॅडऑन, म्हणजे गेमला जोडायचे खेळाडूंनी बनवलेले छोटे प्रोग्रॅम, बसवत होतो. आधी बॉसच्या हल्ल्यांचे इशारे देणारा डेडली बॉस मॉड्स, मग आपल्याला हवे तसे इशारे बनवता येणारा वीकऑराज, मग त्यात गिल्डने पाठवलेल्या तयार इशाऱ्यांच्या, अक्षरांच्या लांबच लांब ओळी चिकटवायच्या. पहिली लढाई झाल्यावर विचारलं, बॉस कसा वाटला? ती म्हणाली, "बॉस बघितलाच नाही मी. पट्ट्या बघत होते."

ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

गेमची कंपनी ब्लिझार्डने 'मिडनाइट' या नव्या भागाच्या 12.0 पॅचपासून (अपडेटपासून) लढाईतली बरीचशी माहिती अ‍ॅडऑनसाठी सीलबंद केली. अ‍ॅडऑन ती माहिती दाखवणारी पट्टी हलवू शकतो, मोठी करू शकतो, तिचं रूप बदलू शकतो. पण आतला आकडा वाचून 'इतकं झालं की अमुक आवाज वाजव' असं ठरवू शकत नाही. वीकऑराजच्या मंडळींनी मिडनाइटसाठी आवृत्ती काढणार नाही असं सांगितलं आणि सगळीकडे आरडाओरडा झाला.

मला वाटतं, हे फार आधी व्हायला हवं होतं. 2006 च्या डिसेंबरात 2.0 पॅच आला, त्याआधी एकच बटण दाबत राहिलं की अ‍ॅडऑनच शापित माणूस शोधून त्याचा शाप उतरवायचा. ते बंद केलं. 2010 मध्ये एक अ‍ॅडऑन थेट जमिनीवर वर्तुळं आखून 'इथे उभे राहा' सांगू लागला, तोही बंद केला. दोन्ही वेळा गेम संपला म्हणून ओरड झाली होती. उलट क्वेस्ट (गेममधली कामगिरी) कुठे आहे ते नकाशावर दाखवणं आधी अ‍ॅडऑन करायचे, ते 3.3 मध्ये गेममध्येच आलं.

खरा रोग आहे तो चढाओढीचा. खेळाडूंकडे गणित सोडवणारं यंत्र आहे म्हटल्यावर बॉस बनवणारे अजून अवघड गणित घालतात. मग अजून मोठं यंत्र लागतं. पायाखाली आग लागली तर ती आगीसारखी दिसली पाहिजे, आणि ते काम गेम बनवणाऱ्याचं आहे.

रात्रपाळी

ढालकरीदादा, तुमच्या गिल्डचं ठीक आहे. मी नाशिकहून युरोपच्या सर्व्हरवर खेळते, कारण भारतात वॉवचा सर्व्हरच नाही. त्यांच्या संध्याकाळी आठला रेड, म्हणजे हिवाळ्यात आमच्याकडे रात्रीचे साडेबारा. घरातले झोपलेले, पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, दीडशे मिलिसेकंदांच्या आसपास. आग मला दिसते तेव्हा सर्व्हरवर ती लागून गेलेली असते. दोन-तीन सेकंद आधी मिळणारा इशारा ही माझ्यासाठी चैन नव्हती, त्याने मी इतरांच्या बरोबरीला यायचे.

ढालकरी

मान्य, पण आता बॉसच्या येणाऱ्या हल्ल्यांची पट्टी गेममध्येच आहे ना? तो आधीचा इशारा गेलेला नाही.

रात्रपाळी

आहे. पण ती पट्टी सांगते की बॉस काय करणार. मला मी काय करायचं ते ऐकायचं असायचं, तेही माझ्या आवाजात, मराठीत. 'डावीकडे पळ' असं स्वतः रेकॉर्ड केलं होतं मी.

चौथा_चौकोन

मी हीलर, म्हणजे लढाईत इतरांना बरं करणारा. लाल-हिरवा रंग मला वेगळा ओळखता येत नाही, जन्मापासून.

मिथिक, म्हणजे सगळ्यात अवघड, रेडमध्ये माझ्यासमोर 20 चौकोन असतात, एकेका माणसाचा एकेक. प्रत्येकात बारीक बारीक आयकॉन. गेममध्ये रंगांधळ्यांसाठी सोय आहे, हे मला माहीत आहे. ती रंग बदलून देते. पण मला दुसरा रंग नको आहे, रंगावर अवलंबूनच राहायचं नाही. म्हणून सात वर्षांत मी माझी मांडणी घडवली होती. ज्याचा शाप लगेच उतरवायचा त्याच्या चौकोनाला जाड पांढरी कड, जो शाप मुद्दाम ठेवायचा त्याला काहीच नाही, आणि टँकवर मोठा मार पडणार असेल तर ढोलकीसारखा एक ठोका. कुठल्या कंपनीला हे सुचलं असतं? माझे डोळे माझे मलाच माहीत.

ती मांडणी आता चालत नाही. बॉसकडे बघा म्हणता. माझ्या पांढऱ्या कडांमुळेच मला मान वर करून बॉसकडे बघता यायचं. आता मी पुन्हा चौकोनांत डोळे घालून बसलोय.

पॅनेलवाला

माझं पोटापाण्याचं काम कारखान्यांच्या कंट्रोल रूमचे स्क्रीन मांडायचं. त्यामुळे मूळ धाग्याशी मी सहमत आहे, कारण मात्र वेगळं.

1994 साली वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या रिफायनरीत स्फोट झाला. त्याआधीच्या शेवटच्या 11 मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे 275 अलार्म आले. प्रत्येक अलार्म कोणीतरी चांगल्याच हेतूने लावलेला असणार. अडचण अशी की लावणारे सगळे असतात, काढणारा कोणीच नसतो. वीकऑराजच्या ओळी गिल्डमध्ये अशाच साचत गेल्या. मी स्वतः एका रेडमध्ये सहा वेगवेगळे आवाज एकाच सेकंदात ऐकलेत आणि जागच्या जागी मेलोय.

चौथा_चौकोन, तुमची मांडणी मात्र याच्या अगदी उलट आहे. 20 चौकोनांतून एकच कड आणि एकच ठोका. आमच्या धंद्यात हे शिकायला माणसांना वर्षं लागतात. बंदीत हे भरडलं गेलं याचं वाईट वाटतं.

नलसेक

'बॉसकडे बघा' हा नियम सगळ्या गेम्सना लावू नका, एवढंच सांगायला आलो. मी ईव्ह ऑनलाइनवाला. 2003 पासूनचा, आइसलँडचा, अंतराळातल्या जहाजांचा गेम. तिथे असे अ‍ॅडऑन कधी नव्हतेच, सगळा इंटरफेस कंपनीचा. आणि तरीही नवा माणूस ओव्हरव्ह्यूच्या खिडकीपुढे हतबल होतो. ती खिडकी म्हणजे आसपासच्या जहाजांची यादी: नाव, प्रकार, अंतर, वेग. मूळ मांडणीवर लढायला कोणी जात नाही. जुन्या खेळाडूंनी बनवलेल्या सेटिंग्ज घ्यायच्या, त्या वापरायच्या. म्हणजे कंपनीच्या हातात दिलं की सुटलं, असं नाही.

2014 च्या जानेवारीतली बी-आर5आरबी या गेममधल्या तारामंडळातली लढाई 20 तासांहून जास्त चालली. सर्व्हरवर इतका भार की गेममधला वेळ दहा टक्क्यांवर आणला होता. तिथे कोणी जहाजांची शोभा बघत नव्हतं, लोक यादीवर लढत होते. 2023 मध्ये तर कंपनीने एक्सेलला गेमची माहिती जोडून दिली आणि आम्ही मनापासून खूश झालो. आमच्यासाठी ती यादी हेच रणांगण.

ढालकरी

नलसेक, पटलं. माझं म्हणणं वॉवपुरतंच ठेवतो. तिथे लढाई समोर डोळ्यांना दिसावी म्हणून माणसं वर्षानुवर्षं राबतात आणि आपण त्यावर पट्ट्या पसरतो.

चौथा_चौकोन, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. 'आवाज वाजव असं ठरवू शकत नाही' हे मी वर किती सहज लिहून गेलो. बंदी हवी, या मतावर मी अजूनही आहे. पण कुठला शाप महत्त्वाचा आणि तो कसा दिसावा-ऐकू यावा, हे निवडायची सोय मूळ चौकोनांतच आधी द्यायला हवी होती आणि दार नंतर बंद करायला हवं होतं. हा क्रम चुकला.

चौथा_चौकोन

क्रम चुकला म्हणालात तेवढं पुरे आहे, पण बंदी हवीच हे मला अजून पटलेलं नाही. गुरुवारी रेड आहे. पॅनेलवाला, वेळ असेल तर त्याआधी माझ्या स्क्रीनचा फोटो पाठवतो. मूळ सेटिंग्जमध्ये आकार वाढवून, नको ते आयकॉन लपवून काही जमतं का ते बघाल का? ठोका मात्र परत मिळणार नाही, हे धरूनच चाललोय.

पॅनेलवाला

पाठवा. दोन पाठवा, एक शांत असतानाचा आणि एक ऐन लढाईतला.