निर्जीव वस्तूची ‘कणव’ येते का?

म्हापशाची भाषांतरकार:
मानसशास्त्रावरील एका लेखाचे भाषांतर करताना अडले आहे. काहींना माणसांपेक्षा वस्तूंविषयी एम्पथी, म्हणजे दुसऱ्याच्या भावनेशी समरस होणे, अधिक सहज वाटते, असे त्यात म्हटले आहे. मी ‘सहानुभूती’ लिहिले; संपादकांनी ते खोडून ‘खुर्चीला अनुभूतीच नाही, मग सह कोणाच्या?’ असा शेरा मारला. भावना मला परकी नाही. जुन्या घराची मंगळुरी कौले उतरवली तेव्हा अंगणात पावसात भिजत राहिलेल्या एका कौलासाठी माझा जीव तुटला, पण ती उतरवणाऱ्या गड्याला मी पाणीसुद्धा विचारले नव्हते. याला शब्द कोणता?

फोंड्याचे निवृत्त शिक्षक:
‘कणव’ आणि ‘कळवळा’ असे अस्सल शब्द घरात असताना ‘सहानुभूती’, ‘समानुभूती’सारखे टाकसाळी शब्द कशाला हवेत? ‘कौलाची कणव आली’ असे लिहावे.

डिचोलीकर:
सर, कणव समोरच्याचे दुःख पाहून येते, आणि कौलाला दुःख कुठले? ‘कीव’ तर मुळीच नको, तिच्यात तुच्छता डोकावते. आपण वस्तूला ‘जीव लावतो’, आणि वाक्प्रचारातच सगळे आले: जिच्यात जीव नाही तिला तो आपणच लावायचा. खंडेनवमीला मी स्कूटरला झेंडूची माळ घालतो. ती दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकचे नाव मात्र मला आजही ठाऊक नाही. स्कूटर उलट बोलत नाही, एवढाच तिचा गुण असावा.

मडगावचा वाचक:
संपादकांचा शेरा शब्दाच्या इतिहासाला धरून नाही. जर्मन तत्त्वज्ञ रॉबर्ट फिशर यांनी १८७३ मध्ये ‘आइनफ्युलुंग’ ही जर्मन संज्ञा वापरली ती माणसांसाठी नव्हे, तर पाहणारा आपली भावना आकारांत आणि कलाकृतींत ओततो त्या क्रियेसाठी. पुढे थिओडोर लिप्स यांनी ती माणसांपर्यंत नेली आणि १९०९ मध्ये मानसशास्त्रज्ञ टिचनर यांनी तिच्यासाठी ‘एम्पथी’ हा इंग्रजी प्रतिशब्द घडवला. म्हणजे खुर्चीचा हक्क आधीचा. आपल्या व्याकरणात निर्जीवाला सजीव मानणारा चेतनगुणोक्ती अलंकार आहेच.

फोंड्याचे निवृत्त शिक्षक:
अलंकार कवीने योजायचा असतो, तो कोणाला ‘वाटत’ नाही. जर्मनांच्या सोयीने मराठी का वाकवावी?

पेडण्याची वाचक:
माझी आजी फुटलेल्या रगड्याकडे, म्हणजे वाटण्याच्या दगडाकडे, पाहून ‘काकुळट दिसता’ (दया येते) म्हणायची. माणूस, मांजर, रगडा, सगळ्यांना तिचा हा एकच शब्द होता. तोच का घेऊ नये?

फोंड्याचे निवृत्त शिक्षक:
तो कोकणी झाला. मराठीत माणूस काकुळतीला येतो, म्हणजे विनवणी करतो. पाहणाऱ्याला काकुळती वाटत नाही.

पेडण्याची वाचक:
आमच्या घरात मराठी वर्तमानपत्र वाचून कोकणीत भांडण होते, तेव्हा सीमा नेमकी कोठे आखायची ते सरांनीच सांगावे. शिवाय विनवणारा आणि द्रवणारा यांच्यासाठी दोन भाषांत एकाच वळणाचा शब्द आहे, तो योगायोग मला वाटत नाही.

डिचोलीकर:
मुळाशी संस्कृत ‘काकु’, म्हणजे भावनेने बदललेला आवाज, असावा असा माझा अंदाज आहे. पण मग मुक्या रगड्याचे काय?

म्हापशाची भाषांतरकार:
लेख उद्या द्यायचा आहे. तूर्त ‘वस्तूंसाठी जीव तुटतो’ असे लिहिले आहे.

फोंड्याचे निवृत्त शिक्षक:
‘काकु’पासून ‘काकुळती’तला ‘ळ’ कसा आला, ते डिचोलीकरांनी आधी सांगावे.