डेल्टॉइड एवढा तगडा असताना खांद्यातल्या त्या चार छोट्या स्नायूंची गरज काय?

डीप_मिडविकेट, कराड

नमस्कार मंडळी. वय ३४, टेनिस बॉल क्रिकेट खेळतो, रविवारी मॅच असतेच. गेले दोन महिने बाउंड्रीवरून जोरात थ्रो केला की उजव्या खांद्यात अशी कळ येते की पुढची ओव्हरभर हात पोटाशी धरून उभा राहतो. जिम चार वर्षं चालू आहे, शोल्डर प्रेस, लॅटरल रेज सगळं नीट करतो, डेल्टॉइड, म्हणजे खांद्यावरचे मोठे गोलसर स्नायू, चांगले भरलेत, त्यामुळे ताकद कमी पडतेय असं वाटत नाही. तरी शर्ट काढताना हात अर्ध्यात आला की चमक निघते आणि पूर्ण वर गेला की परत कमी होते, आणि रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही.

फिजिओकडे जाऊन आलो. त्यांनी रोटेटर कफचं, म्हणजे खांद्यातल्या चार छोट्या स्नायूंचं, दुखणं आहे म्हणून सांगितलं, एक पातळसा रबर बँड दिला आणि कोपर अंगाला चिकटवून हात बाहेरच्या बाजूला ओढायचा असा व्यायाम दिला, पंधराचे तीन सेट. मागे पेशंटची रांग होती म्हणून जास्त विचारता आलं नाही. पण मी २० किलोचे डंबेल उचलतो, या बँडने माझ्या खांद्याला काय फरक पडणार हेच कळत नाहीये. हे चार स्नायू नक्की असतात कुठे, करतात काय, आणि वर एवढा मोठा स्नायू असताना त्यांचं काम काय उरतं? कुणीतरी साध्या भाषेत सांगा प्लीज. नुसतं करत राहा असं नको, मला कारण कळलं की मी मनापासून करतो.

फिजिओताई, नाशिक

दादा, प्रश्न अगदी योग्य आहे, आणि हे पेशंटला सांगायलाच हवं असं मला मनापासून वाटतं, कारण ज्याला कळतं तोच तीन महिने टिकून व्यायाम करतो. जरा मोठं लिहिते.

शाळेतली लिंबू-चमचा शर्यत आठवा. खांद्याचा सांधा तसाच आहे. दंडाच्या हाडाचं वरचं गोल टोक म्हणजे लिंबू, आणि पाठीवरचं जे त्रिकोणी पातं असतं, स्कॅप्युला, त्याच्या कडेची उथळ खळगी म्हणजे चमचा. खुब्यात गोळा वाटीत खोल बसलेला असतो म्हणून तो सहसा निखळत नाही, पण पाय तेवढा फिरतही नाही. खांद्यात कुठल्याही क्षणी गोळ्याचा जेमतेम पाव ते एक तृतीयांश भागच खळगीला टेकलेला असतो. खळगीच्या काठाला लॅब्रम नावाची कड असते, तिने खोली थोडी वाढते, भोवती कॅप्सूल, म्हणजे सांध्याचं पिशवीसारखं आवरण आहे, हाडाला हाड बांधणारी लिगामेंट आहेत, पण ती सैल ठेवलेली असतात कारण घट्ट असती तर हात डोक्यावर गेलाच नसता. लिगामेंट ताठ होतात त्या हालचालीच्या अगदी टोकाला. मग मधल्या सगळ्या प्रवासात लिंबू चमच्यात कोण धरून ठेवतं, तर हे चार जण.

आता डावा हात उजव्या खांद्यावरून मागे टाका आणि पातं चाचपा. वरच्या भागात एक आडवी हाडाची कड लागेल. कडेच्या वरच्या खोबणीत सुप्रास्पायनेटस बसतो, तो खांद्याच्या टोकाचं जे हाडाचं छप्पर आहे, ॲक्रोमियन, त्याच्या खालून जाऊन गोळ्याला वरून चिकटतो. कडेच्या खाली इन्फ्रास्पायनेटस, त्याच्याही खाली छोटासा टेरेस मायनर, हे दोघं गोळ्याला मागून चिकटतात. चौथा सबस्कॅप्युलारिस बाहेरून असा हाताला लागत नाही, तो पात्याच्या आतल्या अंगाला, पातं आणि बरगड्यांच्या मधे असतो आणि गोळ्याला पुढून धरतो, चौघांत सगळ्यात मोठा हाच. या चौघांची टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट टोकं, शेवटी एकमेकांत मिसळतात आणि गोळ्यावर टोपी घातल्यासारखी होतात, म्हणून कफ. काखेच्या बाजूला मात्र टोपी नाही, ती बाजू उघडीच.

आता तुमचा डेल्टॉइड. हात खाली लोंबत असताना त्याची ओढ बाजूला कमी आणि वर जास्त असते. तो एकटा ओढायला लागला तर हात उचलला जायच्या आधी गोळाच वर सरकून छपराला घासेल. जुन्या विहिरीवरचा रहाट बघितला असेल तर लगेच कळेल, कणा खांबात पक्का बसलेला असेल तरच दोर ओढल्यावर पोहरा वर येतो, कणाच हलत असेल तर ओढणाऱ्याच्या दंडात कितीही जोर असला तरी उपयोग नाही. डेल्टॉइड ओढणारा आहे, कफ कणा धरणारा. मागचे दोघं आणि पुढचा एक मिळून गोळ्याला खळगीत दाबतात आणि जरासं खाली खेचून धरतात, सुप्रास्पायनेटस दाबतोही आणि उचलायलाही हात लावतो. मग गोळा जागच्या जागी फिरतो आणि हात वर जातो.

तुम्हाला अर्ध्यातच चमक येते, साधारण ६० ते १२० अंशांच्या टप्प्यात, हे आम्ही रोज बघतो. त्या टप्प्यात छप्पर आणि गोळा यांच्यामधल्या जागेत सुप्रास्पायनेटसचं टेंडन आणि त्याच्यावरची बर्सा, म्हणजे पाण्याच्या पातळ पिशवीसारखी गादी, यांच्यावर जास्त ताण येतो. तपासल्याशिवाय निदान करत नाहीये, पण तुमच्या फिजिओंनी जे सांगितलं ते या लक्षणांशी जुळतं.

आणि थ्रोचं वेगळं सांगते कारण ते फार कमी जणांना माहीत असतं. बॉल हातातून सुटल्यावर हात तसाच वेगात पुढे जात असतो, तो थांबवायचा कुणी? मागचे दोघं, इन्फ्रास्पायनेटस आणि टेरेस मायनर, हे ताणले जात असतानाच आकसून ब्रेक लावतात. हात आत फिरवून वेग देणारे कोण बघा, छातीचा पेक्टोरालिस, पाठीचा लॅट, शिवाय सबस्कॅप्युलारिस, सगळे दांडगे. ब्रेकवाले मात्र हे दोन छोटे आणि डेल्टॉइडचा मागचा थोडा भाग. जिममधे चार वर्षं बेंच प्रेस आणि शोल्डर प्रेस करून इंजिन वाढवलंय, ब्रेक होते तेवढेच राहिलेत.

बँड हलका का, तर जड वजन घेतलं की मोठे स्नायू काम हिसकावून घेतात, खांदा कानाकडे जातो, कंबर वळते, आणि ज्यांच्यासाठी व्यायाम आहे ते बसूनच राहतात. कोपर आणि बरगड्यांच्या मधे नॅपकिनची गुंडाळी धरा आणि परत येताना बँड सोडून देऊ नका, हळू तीन मोजत या, ब्रेकचा सराव तिथेच होतो. दोन-तीन आठवड्यांनी सोपं वाटलं की बँड जाड करायचा, कायम हलकाच ठेवायचा असं नाही. अजून एक, उभं राहून हातात डंबेल धरून हात बाहेर फिरवणारे खूप दिसतात, त्यात या स्नायूंना काही मिळत नाही कारण वजन खाली ओढतं, आत नाही ओढत. डंबेलच घ्यायचा असेल तर दुसऱ्या कुशीवर झोपून, एक-दोन किलोचा.

एमबीबीएस_पहिलं_वर्ष

ताई, लिंबू-चमचा व्हायव्हाला सांगू का असं वाटतंय इतकं पटलं. आम्हाला सुप्रास्पायनेटस पहिले १५ अंश हात उचलतो आणि मग डेल्टॉइड घेतो असं शिकवलंय, ते बरोबर ना?

डिसेक्शनला मी सबस्कॅप्युलारिस पहिल्यांदा बघितला तेव्हा थक्क झाले होते, हातपंख्यासारखा पसरलेला आणि टोकाला एकदम चिंचोळा, बाहेरून एवढ्याशा दिसणाऱ्या खांद्याच्या आत एवढं काही असेल असं वाटलंच नव्हतं. नसांचं थोडं सांगते, सुप्रास्पायनेटस आणि इन्फ्रास्पायनेटस दोघांना सुप्रास्कॅप्युलर नस, टेरेस मायनरला ॲक्सिलरी, म्हणजे डेल्टॉइडचीच, आणि सबस्कॅप्युलारिसला स्वतःच्या दोन, वरची आणि खालची. सगळ्या मुख्यतः मानेतल्या सी-५ आणि सी-६ या नसांच्या मुळांतून. म्हणून मानेतली नस दाबली तरी कधीकधी खांदाच दुखल्यासारखा वाटतो. आणि आमच्या सरांनी सांगितलेलं, व्हॉलीबॉल खेळणाऱ्यांमधे सुप्रास्कॅप्युलर नस पात्याच्या मागे दाबली जाऊन इन्फ्रास्पायनेटस बारीक होतो, पात्यावर खड्डा दिसतो आणि पुष्कळदा दुखत काहीच नाही.

फिजिओताई, नाशिक

अगं परीक्षेत १५ अंशच लिही, पण मनात खरं काय ते ठेव. सुया लावून स्नायूंची वीज मोजली, ईएमजी, तर दोघंही सुरुवातीपासून एकत्र चालू होतात आणि वरपर्यंत चालू राहतात. एकाने सुरू करून दुसऱ्याच्या हातात द्यायचं असं शरीरात होत नाही. खड्ड्याचं मात्र एकदम बरोबर, मी असा मुलगा तपासलाय, आरशात पाठ दिसत नाही म्हणून त्याला पत्ताच नव्हता, आईच्या लक्षात आलं.

खांबावरचा, सातारा

सगळे लिंबाबद्दल बोलायलेत, चमच्याचं बी बोला की. मी पोरांना मल्लखांब शिकवतोय बरीच वर्षं झाली, डॉक्टर नाही, पण पातं कसं चालतंय हे रोज उघड्या पाठीवर बघतोय. शर्यतीत जिंकणारा लिंबाकडं बघत चमचा त्याच्या खाली सरकवत राहतो, खांद्यात पण तसंच हाय. हात खालपासून पूर्ण वर नेला, १८० अंश धरा, त्यातले साधारण १२० सांध्यातनं येतात आणि ६० पातं फिरल्यामुळं. आणि हे पातं बरगड्यांना हाडानं कुठं जोडलेलंच नाही, नुसतं स्नायूंवर तरंगतंय. सगळ्या हाताचा धडाशी हाडाचा संबंध एकच, गळ्याचं हाड, ते पुढं छातीच्या मधल्या हाडाला टेकतंय, बास. बाकी सगळा भार मान-पाठीवरचे ट्रॅपेझियस, ऱ्हॉम्बॉइड आणि बरगड्यांवरचा तो करवतीच्या दातासारखा दिसणारा सेराटस यांच्यावर.

नवीन पोरगं दोरावर लटकलं की खांदे कानाला लागतात, मान गायब होते. आमी आधी तेवढंच शिकवतो, हात सरळ ठेवून पाती खाली ओढ, मान लांब कर, परत सैल सोड. हे जमंपर्यंत वर चढू देत नाही. आणि जोर मारताना शेवटी हात सरळ झाल्यावर थांबायचं नाही, जमीन अजून दोन बोटं ढकलायची, पाठ जराशी गोल होते, तिथं सेराटस लागतो. ज्याचा लागत नाही त्याचं पातं पंखासारखं मागं उचलतंय, भिंतीला हात टेकवून ढकलायला लावलं की लगेच दिसतंय. दादा, शर्ट काढून कुणाला तरी मोबाईलवर पाठीचा व्हिडिओ काढायला सांगा, दोन्ही हात सावकाश वर-खाली करा, दोन्ही पाती सारखी चालतात का बघा.

अजून एक कळकळीनं सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका गावच्या कार्यक्रमात एक पोरगं हातावर पडलं आणि खांदा निखळला, पुढंच आला, बहुतेक वेळा पुढंच येतोय. लगेच एकजण पाय काखेत घालून ओढायला बसला, मी त्याला बाजूला केलं आणि हात झोळीत बांधून दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टरनं पहिल्यांदा दंडाच्या वरच्या बाहेरच्या बाजूला बोट लावून कळतंय का विचारलं. का ते मला तवा कळलं नव्हतं.

एमबीबीएस_पहिलं_वर्ष

काका, ते ॲक्सिलरी नस तपासत होते. ती दंडाच्या हाडाच्या मानेला वळसा घालून जाते, गोळा खाली-पुढे घसरला की ताणली जाते, आणि तेवढ्या तळहाताएवढ्या भागाची संवेदना तिच्याकडे असते. बसवण्याच्या आधी तपासून लिहून ठेवतात. हाड मोडलंय का हेही एक्स-रेशिवाय कळत नाही, त्यामुळे तुम्ही त्या माणसाला अडवलंत ते फार बरं केलंत.

आजीची_भाकरी

मी मध्येच विचारते, राग मानू नका. वय ५६, डायबेटिस आहे. चार महिने डावा खांदा दुखतोय, आता दुखणं थोडं कमी आहे पण हात आखडलाय. वरच्या फळीवरचा डबा काढता येत नाही, पाठीमागे हात जात नाही, वेणी घालायला सुनेला सांगावं लागतं. मुलाने रबर बँड आणून दिलाय. यांचं आणि माझं एकच का? मी पण तोच व्यायाम करू?

फिजिओताई, नाशिक

राग कसला काकू, बरं झालं विचारलंत. बँड सध्या बाजूला ठेवा. एक करून बघा, खुर्चीत बसा, कोपर अंगाला लावून काटकोनात ठेवा, हात अगदी ढिला सोडा आणि सुनेला मनगट धरून हलकेच बाहेरच्या बाजूला फिरवायला सांगा. दुसऱ्या हाताचंही करा. कफचं दुखणं असेल तर स्वतःहून हलवताना त्रास होतो पण दुसऱ्याने हलवलं तर हात बहुधा जातो. दुसऱ्याने हलवूनही अडकला तर बहुधा कॅप्सूलच जाड होऊन आक्रसलीय, त्याला फ्रोझन शोल्डर म्हणतात, ४० ते ६० वयात आणि डायबेटिसवाल्यांना तो जास्त होतो. त्याचे व्यायाम वेगळे, आधी सांधा सैल करायचा, ताकद नंतर. टेबलाला उजव्या हाताने धरून पुढे वाका, डावा हात घड्याळाच्या लंबकासारखा लोंबू द्या आणि अंगाच्या हेलकाव्याने झुलवा, ओढून-ताणून नाही. पण ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा आणि साखर किती आहे ते तपासून घेऊन जा. आणि हे सगळ्यांसाठी, डाव्या खांद्याच्या दुखण्याबरोबर छातीत दडपण, घाम, धाप असं काही असेल तर व्यायाम-बियाम काही नाही, सरळ हॉस्पिटल.

डीप_मिडविकेट, कराड

ताई, काका, सगळ्यांचे आभार, दोनदा वाचलं. बायकोला मनगट धरून फिरवायला लावलं, हात पूर्ण गेला, वरही तिने नेला तर नीट गेला, मी स्वतः उचलला की मधेच चमक. पाठीचा व्हिडिओही काढला, उजवं पातं उतरताना झटका देऊन खाली येतंय, डावं येत नाही. चार वर्षांत हे कधी बघितलंच नव्हतं. बेंच आणि शोल्डर प्रेस बंद केलं तर चालेल का, की पूर्णच विश्रांती घेऊ?

फिजिओताई, नाशिक

पूर्ण विश्रांती नको, टेंडनला भार लागतोच, फक्त झेपेल तेवढा. डोक्याच्या वरचं वजन आणि लांबचे थ्रो तेवढे थांबवा, रोइंग चालेल, काकांनी सांगितलेला जोर आधी भिंतीवर करा, मग ओट्यावर, मग जमिनीवर. व्यायामानंतर थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उतरलं तर ठीक, वाढलं तर एक पायरी मागे. सहा आठवड्यांनी फिजिओंना परत दाखवा, तो व्हिडिओ घेऊन जा. आणि मधे कधी पडलात, हात अचानक उचलेनासाच झाला तर वाट न बघता डॉक्टरकडे जा, टेंडन फाटलंय का ते लवकर बघावं लागतं.

डीप_मिडविकेट, कराड

समजलं. बँड खिडकीच्या गजाला बांधलाय, नॅपकिनची गुंडाळीही करून ठेवलीय. कॅप्टनला फोन केला, या महिन्यात मी पॉइंटला उभा राहणार आणि थ्रो अंडरआर्म.