मदत हवी आहे : नोरा वेलिंग्जचा खलाशी बाहुला

नमस्कार मंडळी,

माझे आजोबा रत्नागिरीकडचे, मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर कामाला होते. त्यांच्या ट्रंकेत एक मऊ बाहुला मिळाला. वीतभर उंची, निळ्या मखमलीचा खलाशी पोशाख, एका बाजूला बघणारे रंगवलेले डोळे आणि मोकळं हसू. तळपायाला शिवलेल्या पट्टीवर 'मेड इन इंग्लंड बाय नोरा वेलिंग्ज' एवढं अजून स्पष्ट वाचता येतं. टोपीची फीत मात्र गेली आहे. या खलाशांच्या फितीवर बोटीचं नाव असायचं, त्यामुळे हळहळ वाटते.

नोराबाई आधी चॅड व्हॅली या खेळणी कंपनीत डिझाइनर होत्या. 1926 साली भाऊ लेनर्ड यांच्यासोबत त्यांनी श्रॉपशायरमधल्या वेलिंग्टन गावात स्वतःचा कारखाना काढला, 'व्हिक्टोरिया टॉय वर्क्स'. फेल्ट, मखमल आणि प्लशचे बाहुले तिथे बनत. त्यातले खलाशी मोठ्या प्रवासी बोटींवर आठवण म्हणून विकले जात. कारखाना 1959च्या सुमारास बंद झाला. म्हणजे मधली साधारण तेहेतीस वर्षं. आमचा बाहुला त्यातला नेमका कधीचा?

पट्टीच्या रंगावरून किंवा शिलाईवरून काळ ठरवता येतो का? मखमलीवर बुरशीचे ठिपके आलेत. चेहरा रंगवलेला आहे, म्हणून पाणी लावायचा धीर होत नाही. जुन्या कापडाच्या जतनाचं काम करणारं मुंबई-पुण्यात कुणी माहीत असेल तर कृपया सांगा. कोकणात आणखी कुणाच्या घरी असा खलाशी असल्यास त्याच्या पट्टीचा आणि टोपीचा फोटो नक्की टाका.