महाबळेश्वरच्या थंडीत रोज चालवायला जुनी सेडान: सिटी घ्यावी की सियाझ?

प्रश्न: पसरणी_रोज

वाई ते महाबळेश्वर रोजचं जाणं-येणं आहे. हिवाळ्यात आठवड्यातल्या दोन-तीन रात्री गाडी वर, वेण्णा लेकच्या बाजूला उघड्यावर राहील. तिथं पहाटे दव गोठतं. दोन गाड्या पाहण्यात आहेत, दोन्ही पेट्रोल मॅन्युअल. एक २०१७ ची होंडा सिटी, एमएच-११ पासिंग, ७८ हजार किलोमीटर. दुसरी २०१९ च्या सुरुवातीची मारुती सियाझ १.५, एमएच-१०, ६२ हजार. थंडीच्या दृष्टीनं काय तपासू, आणि घेतल्यावर काय जपू?

प्रतिसाद: गॅरेजवाले_सातारा

पहिली अट: गाडी गार असताना बघा. एजंटला आदल्या दिवशी सांगा की सकाळी सातच्या आत येतो, तोवर चावी लावू नका. पोचल्यावर आधी बॉनेट उघडून इंजिनवर हात ठेवा. कोमट लागलं तर दुसरा दिवस ठरवा. गरम करून ठेवलेल्या गाडीत निम्मे दोष झाकले जातात.

मल्टिमीटर न्या. बंद गाडीत बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. स्टार्टर फिरताना ९.६ च्या खाली जाऊ नये. चालू झाल्यावर १३.८ ते १४.५. शून्याच्या आसपास बॅटरीचा जोर साधारण एक तृतीयांश घटतो, त्यामुळे साताऱ्यात दुपारी जेमतेम चालणारी बॅटरी वर पहाटे हमखास मान टाकते.

सुरू होताच आरपीएम थोडा चढून दोन-तीन मिनिटांत ७००–८०० वर यावा. सायलेन्सरमधून पांढरी वाफ आणि पाण्याचे थेंब आले तर काळजी नको. निळसर धूर आला तर झिजलेल्या व्हॉल्व्ह सील किंवा पिस्टनच्या रिंगांमधून ऑइल आत जाऊन जळतंय. गाडी तापल्यावरही पांढरा धूर टिकला आणि कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनच्या माथ्याखालच्या सीलचा, संशय घ्या.

आता ज्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही ते: थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. गाडी तापते अशी तक्रार आली की काही मिस्त्री पंखा किंवा चोंदलेला रेडिएटर दुरुस्त न करता थर्मोस्टॅटच काढून टाकतात. खाली उन्हाळ्यात ते कळत नाही. वर मात्र इंजिन गारच राहतं, संगणक जादा पेट्रोल सोडत राहतो, ते सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं, ॲव्हरेज पडतं आणि हीटर कोमटच राहतो. ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे मोबाइलवर दाखवणारं यंत्र) लावून गाडी चालवा. दहा-पंधरा मिनिटांत कूलंट ८० अंशांवर जाऊन ८०–९५ मध्ये स्थिर राहिलं पाहिजे. पसरणी घाट उतरताना ७० च्या खाली आलं, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा तिथं नाहीच. सिटीला तापमानाचा काटा नाही, गार इंजिनचा फक्त निळा दिवा आहे. म्हणून स्कॅनर लागतोच.

प्रतिसाद: कृष्णाकाठ_सांगली

सियाझ एमएच-१०, म्हणजे सांगली पासिंग आहे आणि २०१९ च्या सुरुवातीची आहे. म्हणजे ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही पुरांच्या वेळी ती सांगलीत असू शकते. नंबरावरून सोडून देऊ नका, पाणी न पाहिलेल्या गाड्याही इथं भरपूर आहेत. पण तपासा.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. गुंडाळलेल्या भागात गाळाची रेघ राहते, ती सहसा कोणी धूत नाही. स्टेपनी काढून खालचा खड्डा बघा. सीटच्या रुळांचे बोल्ट, पायाखालचं कार्पेट उचलून खालचा फोम, फ्यूजबॉक्समधली हिरवी बुरशी, हेडलाइटच्या आतला पाण्याचा डाग. या गाडीत स्मार्ट हायब्रिडची (इंजिनला मदत करणाऱ्या छोट्या मोटरची) वेगळी छोटी लिथियम बॅटरी पुढच्या डाव्या सीटखाली असते. पाणी सीटपर्यंत चढलं असेल तर ती वाचत नाही, आणि बदलायला महाग आहे. गाडी पूर्ण तापल्यावर सिग्नलला इंजिन आपोआप बंद होतं का बघा. गार इंजिनवर ते होत नाही, तेव्हा घाई करून निष्कर्ष काढू नका.

जुनी विमा पॉलिसी मागा. नो क्लेम बोनस (भरपाई न मागितल्याबद्दल मिळणारी सूट) मध्येच शून्यावर आला असेल तर त्या वर्षी काय झालं ते विचारा. बोनस मालकाच्या आधीच्या गाडीवरूनही येतो, म्हणून तेवढ्यावर विसंबू नका; कंपनीच्या वर्कशॉपमधली सर्व्हिसची नोंदही काढा.

पसरणी_रोज

धन्यवाद. ओळखीचे मिस्त्री म्हणतात, ७८ हजार चाललेल्या सिटीत २०-डब्ल्यू-५० इंजिन ऑइल टाका, इंजिन गप्प चालेल. टाकू का?

गॅरेजवाले_सातारा

नको. डब्ल्यूच्या आधीचा आकडा जितका मोठा, तितकं ऑइल थंडीत घट्ट. पहाटे स्टार्ट केल्यावर घट्ट ऑइल इंजिनच्या माथ्यावरच्या कॅमपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यापर्यंत) पोचायला वेळ लागतो, आणि इंजिनची सगळ्यात जास्त झीज त्याच काही सेकंदांत होते. गाडीच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेलंच टाका. या सिटीला ०-डब्ल्यू-२० आहे. आवाज येत असेल तर टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्हजवळची बारीक फट) तपासून घ्या, जाड ऑइलनं तो फक्त दबतो.

प्रतिसाद: घाटउतार

घेतल्यावर पहिल्या आठवड्यात दोन कामं करा.

कूलंट पूर्ण काढा. जुन्या गाड्यांत बहुधा नळाचं पाणी भरलेलं असतं, त्यानं ॲल्युमिनियम आतून खातं आणि हीटरच्या बारीक नळ्या चोंदतात. तयार मिश्रण भरा किंवा कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. ते उणे ३५ अंशांपर्यंत गोठत नाही. आपल्याला तेवढं लागत नाही, पण गंज थांबतो.

दुसरं ब्रेक ऑइल. ते हवेतला ओलावा शोषतं. कोरडं डॉट-३ दर्जाचं ब्रेक ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा धरल्यावर ही मर्यादा १४० वर येते. घाटात ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की ऑइल उकळून त्यात वाफ धरते आणि पेडल खाली जातं. दर दोन वर्षांनी बदला, आणि उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये राहा.

काचेवर वाफ धरली तर हीटर आणि एसी दोन्ही चालू करा, हवा बाहेरची घ्या. एसी ओलावा काढतो, हीटर काच तापवतो. तरीही रोज धरत असेल तर वायपरखालच्या जाळीत पानं अडकून पाणी आत येतंय का बघा.

टायरची हवा पहाटे, गार असताना तपासा. दर ५–६ अंशांना साधारण १ पीएसआय उतरते; वाईत दुपारी भरलेली हवा वर पहाटे ३–४ नं कमी दिसते. टायरच्या बाजूवरच्या चार आकड्यांत तो बनल्याचा आधी आठवडा, मग वर्ष असतं. सहा वर्षांपुढचे टायर असतील तर भाव करताना नव्या चार टायरांची किंमत धरा.

रात्री वर उभी करताना ओल्या हवेत हँडब्रेक चिकटतो. तो न ओढता सपाट जागी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा. आणि थंडीत उंदीर उबेला बॉनेटखाली येतात, वायरी कुरतडतात, म्हणून सकाळी चावी फिरवण्याआधी बॉनेट उघडून बघा.

दोन्ही गाड्या तपासणीत सारख्या उतरल्या तर मी सिटी म्हणेन. उघड्यावर राहणाऱ्या गाडीत एक बॅटरी कमी असणं फायद्याचं. सियाझचा भाव लक्षणीय कमी मिळत असेल आणि सीटखाली कोरडं असेल, तर तीही चांगली. मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज असल्यास त्याची नोंद काढायचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी (ना हरकत पत्र), थकलेली चलनं भरल्याच्या पावत्या. हे सगळं हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.