कस्टम्सच्या चौकशीत वकील सोबत बसू शकतो का?

प्रश्न: कस्टम्स कायद्याच्या कलम १०८ चं समन्स आलंय, जबाबासाठी. वकिलाला आत घेतील का?

नाखवा: हक्क म्हणून नाही. पूलपांडी प्रकरणात (१९९२) सुप्रीम कोर्टाने सांगितलं, समन्सवर बोलावलेला माणूस अजून ‘आरोपी’ नसतो. म्हणून राज्यघटनेच्या कलम २०(३) चं, म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती न होण्याचं, संरक्षणही त्या टप्प्यावर मिळत नाही. पण दमदाटीची खरी भीती असेल तर हायकोर्टात रिट याचिका करा. जुगल किशोर सामरा खटल्यात (२०११) वकिलाला दिसेल पण ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर बसू दिलं होतं. काचेपलीकडे, थोडक्यात. त्याला मध्ये बोलता येत नाही.

दर्यावर्दी: अटक झाली की चित्र बदलतं. राधिका अगरवाल निकालानुसार (२०२५) चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं, मात्र पूर्ण वेळ नाही. २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर नेणं बंधनकारक.

नाखवा: आणि समन्स टाळू नका, हजर राहणं कायद्याने बंधनकारक आहे. खोटं सांगणं हाही गुन्हा, कारण ही न्यायिक कार्यवाही मानली जाते. लोक फसतात ते सहीपाशी. कस्टम्स अधिकारी पोलीस नसल्याने हा जबाब पुरावा म्हणून चालतो. ओळ न ओळ वाचा, चूक असेल तिथे स्वतःच्या हाताने दुरुस्ती लिहा, रिकामी जागा रेघ मारून बंद करा. जबरदस्ती झाली असेल तर त्या जबाबातून लगेच लेखी माघार घ्या. अटकेत असाल तर पहिल्याच हजेरीत मॅजिस्ट्रेटला सांगा. महिन्यांनी घेतलेल्या माघारीकडे कोर्ट संशयानेच बघतं.