मोठं नाटक करू द्या की पोरांना

कोणीतरी म्हटलंय की कॉलेजच्या पोरांनी एकांकिकाच कराव्यात, वर्षात तीन-तीन दोन अंकी नाटकं झेपणार नाहीत. मला नाही पटत. एकांकिकेत आपली पोरं तयारच असतात, २५ जानेवारीला रात्रभर जागून ‘सवाई’ ही एकांकिका स्पर्धा बघणाऱ्यांना ते सांगायला नको, पण दोन तास प्रेक्षक धरून ठेवायचा दमसास वेगळा आणि तो मोठं नाटक करूनच येतो. मोठं नाटक करणाऱ्या गोरेगावच्या पोरांच्या एका ग्रुपची तालीम बघितली, कोरस म्हणजे मागचा समूह भिंतीसारखा उभा, मुख्य काम करणारी मुलगी बोलत असताना एकेक जण अर्धं पाऊल मागे सरकतोय आणि स्टेज मोठं मोठं होत जातंय, नेपथ्याचा खर्च शून्य! सत्तरच्या दशकात दादरला छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये आविष्कार या प्रायोगिक नाट्यसंस्थेच्या लोकांनी तरी वेगळं काय केलं, पैसा कमी पण उडी मोठी.

खरी अडचण नाट्यगृहाच्या तारखांची आणि भाड्याची आहे, शनिवार-रविवार व्यावसायिक नाटकांकडे, या पोरांच्या वाट्याला मधल्या वारची सकाळ. त्यामुळे तिकीट काढून जा हो, आणि जमलं तर तिसऱ्या-चौथ्या प्रयोगाला, तोवर नाटक चांगलं मुरलेलं असतं.